एका ‘म्हणे’चा निरोप

सन्माननीय अध्यक्ष वकील काकासाहेब, शाळाखात्याचे मोहतमीमसाहेब, या वाचनालयाचे चिटणीस बद्रीनाथशेठ, ज्यांच्यासाठी आज हा हार गुंफला गेला ते माझे जुने स्नेही राधाकिसनराव, चिकाच्या पडद्याआड बसलेल्या मायबहिणी, आणि बाजाराचा दिवस असूनही दुकानांची फळी अर्धी लावून इथवर आलेले जालन्याचे सभ्य गृहस्थहो,

बद्रीनाथशेठनी माझी ओळख ‘केदारखेड्याचे नामांकित कीर्तनकार’ अशी करून दिली. त्यांचा लोभ मोठा आहे. पण मी कीर्तनकार नाही. शेती करतो, आणि श्रावणात व अधिक महिन्यात मारुतीच्या देवळात पोथी वाचतो. कीर्तनकाराला आपल्या पदरचं घालता येतं. पोथी वाचणाऱ्याला येत नाही. एवढा फरक नोंदवून पुढे जातो.

आज सकाळी काकासाहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “धर्मराजबुवा, सभेची परवानगी निरोपाची आहे. निरोपाबाहेर एक शब्द बोलू नका. मला कचेरीत उत्तर द्यावं लागतं.” मी म्हटलं, “बिलकुल नाही बोलणार.” त्या शब्दाला मी जागणार आहे. मी निरोपाचंच बोलेन.

फक्त आपल्या भाषेत निरोपाचे दोन अर्थ होतात. जाणाऱ्याला देतात तो एक. आणि एकानं सांगितलेलं दुसऱ्याला नेऊन पोचवतात तो दुसरा. पहिला निरोप माझ्याआधीच्या तिन्ही वक्त्यांनी फार सुंदर दिला. मी दुसरा घेऊन आलो आहे. त्यासाठीच काल छकडा जुंपला.

राधाकिसनराव आमच्या गावी मास्तर म्हणून आले तेव्हा शाळा मारुतीच्या ओसरीवर भरत असे. वरचे अधिकारी तपासायला आले की उर्दू पाटी पुढे, ते गेले की मराठी पाटी पुढे, असा तो काळ. राधाकिसनरावांच्या अंगावर एक कोट, पायात फाटका जोडा, आणि बगलेत कायम कागद. गावातली पोरं त्यांना ‘कागदमास्तर’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. आज कळलं असेल तर राग मानू नये, पोरांचा त्यात जीव होता.

त्यांचं जेवण आमच्या घरी असे. माझ्या थोरल्या भावाची बायको, आसराबाई, तिनं मला लहानाचं मोठं केलं. मी तिला वयनी म्हणतो. पहिल्या पावसाळ्यात मास्तरांना हिवताप आला तेव्हा वयनीनं त्यांना महिनाभर पेज पाजली. ताप उतरल्यावर हे बसल्याबसल्या तिला विचारू लागले. तुमच्यात लग्न कसं लागतं, देवक कशाचं, मेंढरं होती तेव्हा वाडगं कुठं असायचं, वाडग्याचं गाव कधी झालं. ती दळता-निवडता सांगायची आणि हे लिहून घ्यायचे. मी एकदा म्हटलं, “वयनी, मास्तर तुमचं सगळं लिहून राह्यले.” तर ती म्हणाली, “लिहू द्या की. माझ्या बोलण्याला कोनाच्या लेखी काय मोल. त्याईचा येळ जातो.”

त्यातूनच पुढे तो प्रबंध झाला. आपल्या भागातल्या मेंढपाळ घराण्यांनी वस्ती कशी केली आणि त्यांच्या चालीरीती काय, यावर. पुण्याला वाहवा झाली, हैदराबादेस वाहवा झाली. त्याच्या जोरावर राधाकिसनराव केदारखेड्याहून जालन्याला आले आणि आज जालन्याहून हैदराबादेस कॉलेजात मराठी शिकवायला निघाले आहेत. त्यांच्या चढतीचा मला आनंद आहे. हे मी तोंडदेखलं म्हणत नाही.

आता थोडं पोथीबद्दल. मंडळींनी सोसावं.

जुन्या पोथीत विरामचिन्हं नसतात. कोण बोलतो आहे हे कळायला एकच खूण, ‘म्हणे’. राजा म्हणे, राणी म्हणे, देव म्हणे. तो शब्द आला की श्रोत्याला कळतं, आता तोंड बदललं. एका श्रावणात मला ताप होता, म्हणून वाचायला आमचा सांडू बसला. सांडूला घाई फार. त्यानं ‘राक्षस म्हणे’ हे दोन शब्द गिळले आणि पुढच्या सगळ्या ओव्या देवाच्या तोंडी गेल्या. देव ऋषींना खातो, देव यज्ञ मोडतो. समोर साळूबाई बसलेली. तिनं थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, “सांडू, आज देव असा कामून बोलून राह्यला रे? कोनी भांडला का त्याच्याशी?” सगळं देऊळ हसलं. सांडूही हसला. मागे जाऊन त्यानं ते दोन शब्द पुन्हा वाचले. देवाचं देवाला गेलं, राक्षसाचं राक्षसाला.

मागे जाऊन पुन्हा वाचता येतं, हे पोथीचं सुख आहे.

मी गावठी शाळेत शिकलो. पंतोजींनी मला अक्षर शिकवलं, चिन्हं नाही शिकवली. ती मला राधाकिसनरावांनी शिकवली, आमच्याच ओट्यावर. वर्तमानपत्र पुढ्यात धरून ते सांगत. आजही ते शब्द माझ्या कानात आहेत, आणि जसेच्या तसे सांगतो. “धर्मराजबुवा, ही दोन अवतरणचिन्हं म्हणजे दुसऱ्याच्या घराची दोन कवाडं. आत आपण पाहुणे. आतली वस्तू हलवायची नाही. एखादी सोडून पुढे गेलात तर तिथे तीन टिंबं द्या, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की इथून काही उचललं आहे. आपला शब्द घालावाच लागला तर चौकोनी कंसात घाला, म्हणजे तो घरच्यांच्या माथी बसणार नाही. आणि घरच्यांची चूक दिसली तर ती सुधारू नका. जवळ लिहा, मुळात असेच.”

मला हे फार आवडलं. मी विचारलं, “आणि सोडलेल्या शब्दांनी अर्थच उलटत असला तर?” ते म्हणाले, “मग टिंबं देऊनही सोडायचे नाहीत. ती चोरी.” हा त्यांचाच शब्द. मी त्यात काही घातलेलं नाही आणि काही काढलेलं नाही.

आपल्यापैकी अनेकांनी प्रबंध वाचला आहे. त्यात एका गोऱ्या साहेबाच्या इंग्रजी पुस्तकातले उतारे आहेत. राधाकिसनरावांनी ते किती जपून घेतले आहेत ते पाहावं. जिथे सोडलं तिथे तीन टिंबं. जिथे ‘तो’ म्हणजे कोण हे कळणार नाही तिथे चौकोनी कंसात नाव. साहेबानं आमच्या गावाचं नाव चुकवलं, केदारखेरा लिहिलं, तर राधाकिसनरावांनी ते तसंच ठेवून जवळ कंस केला, मुळात असेच. साहेब आमच्या गावी आलाही नसेल. पण त्याची चूकसुद्धा त्याची त्याला मिळाली. संस्कृत वचनांचंही तसंच. काना नाही हलला.

आता माझ्या वयनीचं.

आमच्या घराला लागून कडूबा पाटलांचं घर. कडूबाची आई झुंबरबाई. झुंबरबाई आणि माझी वयनी एकाच माहेरच्या, एकाच लगीनसराईत आमच्या गावात आल्या. दोन्ही घरांच्या मधे एक भिंत, आणि भिंतीत हात जाईल एवढा झरोका. त्या झरोक्यातून विस्तव जायचा, विरजण यायचं, बोलणं तर दिवसभर. माझा भाऊ म्हणायचा, “भिंतीला कान असतात, आमच्या भिंतीला तोंड हाय.”

झुंबरबाईंची सुपारी आधी एका ठिकाणी फुटली होती. तो मुलगा लग्नाआधीच पटकीत गेला. मग त्या पाटलाच्या घरी दिल्या. लग्न एकदाच झालं. पण गावाला जीभ आहे. कुणीतरी म्हणालं, पाटाची आहे, म्हणजे नवरा गेल्यावर दुसऱ्यांदा घर केलेली. चार बायकांत ते कुजबुजलं जायचं. तोंडातलं तोंडात होतं.

एके दिवशी राधाकिसनरावांनी वयनीला पाटाच्या चालीबद्दल विचारलं. मी तिथेच बैलाचा कासरा वळत बसलो होतो. वयनी म्हणाली, आणि हेही मी जसंच्या तसं सांगतो, “झुंबरबाई पाटाची म्हणे, म्हणणाऱ्याचं तोंड कोन धरावं, मी सोता तिला हळद लावल्ती.”

आपण सगळे जाणता, पाट लागतो तेव्हा हळद नसते. म्हणजे वयनीनं अफवा सांगितली आणि त्याच दमात ती खोडून काढली. ‘म्हणे’ म्हटलं, एक श्वास घेतला, आणि पुढे साक्ष दिली.

पुस्तकात काय आलं? एकविसाव्या पानावर, दोन्ही कवाडं लावून, आत असं: ‘झुंबरबाई ही पाटाची होती.’ आणि पुढे, ‘असे केदारखेड्याच्या आसराबाई सांगतात.’

तिनं जिथे श्वास घेतला होता तिथे पूर्णविराम. ‘म्हणे’ गेलं. हळद गेली. ‘ही’ आणि ‘होती’ असे दोन शब्द आत आले, त्यांना चौकोनी कंस नाही. जे बाहेर गेले त्यांच्या जागी टिंबं नाहीत. साहेबाच्या पुस्तकातून एक अक्षर उचललं तरी जागा दाखवली, आणि माझ्या वयनीच्या घरातून दार काढून नेलं तरी भिंत सपाट.

राधाकिसनरावांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना दाखवायचं होतं की मेंढपाळ घराण्यांत पाटाला कमीपणा नव्हता, पाटलाच्या घरीसुद्धा पाटाची बाई मानानं नांदली. विचार चांगला आहे. पाट लावणाऱ्या बाईला कमी लेखावं असं मलाही वाटत नाही, देवाच्या दारात तशी मांडणी नसावी. पण चांगल्या विचाराला दाखला हवा होता, आणि दाखला घरात बसून डाळ निवडत होता. तो थोडा लांब होता. म्हणून कापला.

छापून आल्यावर दोन वर्षं गावाला पत्ता नव्हता. आमच्याकडे पुस्तक वाचतो कोण? मग कडूबाच्या मुलीची, दुर्गेची सोयरीक घनसावंगीकडे जुळली. कुंकू लावायचं ठरलं. आणि मुलाचे चुलते रामराव फडक्यात काही गुंडाळून आले. मी बसलेला होतो. कडूबानं पानाचं तबक पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही.

रामराव म्हणाले, “पाटील, तुमच्यात काय कमी हाय असं आमी न्हाई म्हणत. पर हे छापून आलंय.”

“काय आलंय?”

“तुमच्या मायचं.”

“कोन म्हणलं?”

“तुमच्याच गावची बाई. नाव दिलंय तिचं. नाव गाव देऊन कोनी उगं लिहितं का?”

मी म्हटलं, “रामराव, ती माझी भावजय. ती असं न्हाई बोलली. मी तिथंच व्हतो.”

तर ते माझ्याकडे फार शांतपणे पाहत म्हणाले, “बुवा, तुमी पोथी वाचता. पोथीत लिहिलेलं खोटं म्हणता का कधी?” आणि उठले.

कडूबा सरळ आमच्या दारात आला. त्यानं आवाज चढवला नाही. वयनीला तो लहानपणापासून काकू म्हणतो.

“काकू, तुमी म्हणल्या का?”

वयनी म्हणाली, “बाबा, मी ‘म्हणे’ म्हणले.”

“मंग म्हणल्याच की.”

“आरे, ‘म्हणे’ म्हणले मी. लोक म्हणत्यात म्हणून म्हणले.”

“म्हणलं ते म्हणलं, काकू.”

सभ्य गृहस्थहो, मी त्यानंतर पुष्कळदा विचार केला आहे की त्या बाईनं तिथे दुसरं काय सांगायला हवं होतं. तिला अवतरणचिन्ह माहीत नाही. तिच्याकडे दुसऱ्याचं बोलणं दुसऱ्याचं ठेवायला एकच शब्द होता. तोच तिच्या तोंडातून काढून घेतला, आणि उरलं ते तिचं म्हणून छापलं.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाईंनी भिंतीतला झरोका शेणामातीनं लिंपून टाकला. आमच्या बाजूनं नुसता ओला डाग दिसला. वयनी चुलीला फुंकर घालत होती, तिनं पाहिलं आणि पुन्हा फुंकर घालू लागली. विस्तव होता, तरी फुंकत राहिली.

दुर्गेचं पुढे लग्न झालं. कन्नड तालुक्यात एका बिजवराला दिली. तिची आजी अजून म्हणते, “मी पाटाची नव्हते. पर पुस्तकानं माझी नात बिजवराला दिली.” दुर्गा माहेरी येते तेव्हा आमच्या दारावरून जाते आणि पदर पुढे ओढते. माझ्या वयनीनं तिला अंगाखांद्यावर खेळवलेलं आहे.

झुंबरबाईंकडे मी गेलो होतो. एकदा नाही, अनेकदा. त्यांना आता डोळ्यांनी दिसत नाही, बाजेवर असतात. शेवटी गेलो तेव्हा त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “धर्मराज, तू खोटं बोलत न्हाईस, मला ठावं हाय. आसरा बी तसं बोलली नसंल. पर तुझ्या तोंडानं छापलेलं पुसत न्हाई. जसं आलं तसं जाऊ दे. पुस्तकातून आलं, पुस्तकातून जाऊ दे. मंग मी ह्या हातानं गिलावा फोडते.”

“आणि तंवर?” मी विचारलं.

“तंवर मी लोकाला काय दाखवू? तुझं तोंड?”

त्या म्हाताऱ्या बाईचं म्हणणं मला पटलं. म्हणून मी राधाकिसनरावांकडे आलो. गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. त्यांनी मला मानानं बसवलं, चहा दिला. सगळं ऐकलं. मग म्हणाले, “धर्मराजबुवा, ‘म्हणे’ हा बोलीतला भरतीचा शब्द आहे. बायका प्रत्येक वाक्याच्या शेपटीला लावतात. प्रबंधात तो शोभत नाही.”

मी म्हटलं, “साहेबानं चुकवलेलं आमच्या गावाचं नाव शोभतं?”

“ते मूळ आहे. मुळात हात घालता येत नाही.”

“आणि वयनी?”

ते म्हणाले, “त्या माहिती देणाऱ्या.”

मी घरी जाताना रस्ताभर हाच विचार करत होतो. छापलेलं ते मूळ. बोललेलं ती माहिती. मुळाला टिंबं, कंस, मान. माहितीला कात्री. ज्या बाईनं हिवतापात पेज पाजली तिची भाकरी मास्तरांनी खाल्ली ती जशीच्या तशी खाल्ली. फक्त तिचं बोलणं गाळून घेतलं.

पण निघताना राधाकिसनराव दारापर्यंत आले होते आणि म्हणाले होते, “दुसरी आवृत्ती निघते आहे. त्यात पाहून घेतो.” मी वयनीला सांगितलं. तिनं झुंबरबाईंना कुणाकरवी कळवलं. झुंबरबाईंनी विचारलं, “कवा?” तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. तरीही तेव्हापासून त्या बाजेची जागा बदलून भिंतीला लागून निजतात, असं कडूबाची बायको सांगते.

आज ती आवृत्ती आपल्या सर्वांच्या हातात आली. बद्रीनाथशेठनी व्यासपीठावर प्रत्येकाला एकेक प्रत दिली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मोहतमीमसाहेब बोलत असताना मी ती उघडली. साहेबांनी क्षमा करावी. त्यांच्या भाषणात ज्ञान आणि सचोटीवर फार मोलाचे शब्द होते, त्यांतले निम्मे माझ्या कानावरून गेले. मी एकविसावं पान शोधत होतो. आता ते चोविसावं झालं आहे.

पहिल्या पानावर मोठ्या टायपात आहे: सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती. चोविसाव्या पानावर, दोन्ही कवाडं लावून, आत असं: ‘झुंबरबाई ही पाटाची होती.’ आणि पुढे, ‘असे एक वृद्ध स्त्री सांगते.’

वयनीचं नाव काढलं आहे.

राधाकिसनराव, मी आपला चेहरा पाहतो आहे आणि मला कळतं आहे की आपण हे चांगुलपणानं केलं. आपल्याला वाटलं, आळ वयनीवर होता, नाव काढलं की आळ गेला. मग झुंबरबाईंचं नाव का राहिलं, हे विचारण्याचं हे ठिकाण नाही. पण काय झालं आहे ते पाहावं. पहिल्या आवृत्तीत एक बाई होती. तिच्याकडे जाऊन विचारता येत होतं, आणि ती सांगत होती, मी असं म्हटलं नाही. आता ती बाईही नाही. आता वाक्य कुणाचंच नाही, म्हणून ते सगळ्यांचं झालं. हळद लावणारा हात गेला, हळदही गेली. ‘पाटाची’ तेवढी राहिली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना कवाडं अजून घट्ट लागलेली आहेत, जणू आत कुणी राहतं.

काकासाहेब वकील आहेत. कचेरीतून नक्कल घेतली की तिच्याखाली ‘असल बरहुकूम’, म्हणजे मुळाप्रमाणेच, असा शेरा मारून मिळतो. जमिनीच्या तुकड्याच्या नकलेखाली जे लिहिलं जातं ते एका बाईच्या तोंडच्या नकलेखाली का लिहिलं जाऊ नये, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. मी सकाळी देवापुढे दिवा लावतो आणि मनातलं बोलतो. माझं बोलणं गावंढळ असतं, वाकडं असतं, पुष्कळदा अर्ध्यात तुटतं. तो ते तसंच ऐकत असावा. या विश्वासावर मी पन्नाशीला आलो. माणसाच्या बाबतीत तो विश्वास आता मला पुरत नाही.

काकासाहेब घड्याळ पाहत आहेत. निरोपाबाहेर गेलो नाही ना, वकीलसाहेब? झुंबरबाईंचा निरोप होता, तो पोचवला. वयनीचाही एक आहे, लहान आहे. काल बैल जुंपताना ती म्हणाली, “भाऊजी, सभेत बोलाल तर माझं नाव घेऊन बोला. आन् मी जेवढं बोलले तेवढंच सांगा. तुमी बी सुधारायला लागू नका.” म्हणून आज मी आपल्यासमोर तिचं नाव घेऊन बोललो, आणि पुन्हा घेतो, आसराबाई. आपल्याला ते जास्त वाटलं असेल, पण पुस्तकातून कमी झालेलं कुठेतरी भरून यायला हवं होतं.

आता शेवटचं. मला मिळालेली ही प्रत मी इथे टेबलावर ठेवतो आहे, चोविसावं पान उघडून. हा टाक आणि ही दौत वाचनालयाचीच आहे. आवृत्ती छापली गेली, फर्मे सुटले, ते आता परत यायचे नाहीत, हे मला समजतं. मी आपल्या सगळ्या प्रतींचं मागत नाही. या एका प्रतीच्या समासात, आपल्या हातानं, आसराबाईंचं वाक्य पूर्ण लिहावं आणि खाली आपली सही करावी. कंस नको, टिंबं नकोत. झुंबरबाईंना दिसत नाही, पण कडूबाला वाचता येतं. तो आईला वाचून दाखवील. छापलेल्या पानाच्या अंगाला लागून, छापणाऱ्याच्या हातचं असेल, तर मला वाटतं तेवढं त्यांना पुस्तकातून गेल्यासारखं होईल.

राधाकिसनरावांची गाडी संध्याकाळची आहे. माझे बैल बाहेर सोडलेले आहेत, मलाही घाई नाही. हार, फुलं, अल्पोपाहार सगळं यथासांग होऊ द्या. प्रत इथेच राहील.

उद्या घरी पोचल्यावर वयनी विचारील, पुस्तक सुधारलं का. मी प्रत न्यायला येईन तेव्हा समास कोरा असेल, तर मी तिला सांगेन, “वयनी, सुधारलं म्हणे.” तिला त्या शब्दाचा अर्थ बरोबर कळतो. आणि समासात ते वाक्य असेल, तर मी तिला सांगेन, “वयनी, सुधारलं.” पुढे काही लावणार नाही. दोन्हींपैकी कोणतं वाक्य मी नेतो, ते राधाकिसनरावांच्या हातात आहे. ते भाषेचे जाणकार आहेत. एका शब्दानं काय होतं, हे त्यांना मी सांगायला नको.

अध्यक्षमहोदयांनी मला वेळ दिला, बद्रीनाथशेठनी खेड्यातल्या माणसाला आठवणीनं बोलावलं, मोहतमीमसाहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मायबहिणींनी पडद्याआडून एवढी शांतता राखली, या सर्वांचा मी आभारी आहे. राधाकिसनरावांना हैदराबादेत प्रकृतीचं आणि यशाचं सुख लाभो, ही मारुतीच्या चरणी प्रार्थना. माझं बोलणं उद्या वाचनालयाच्या अहवालात घ्यायचं ठरलं आहे, असं कानावर आलं. त्यात ज्या चुका झाल्या असतील, जे शब्द गावंढळ असतील, जिथे बोलणं तुटलं असेल, त्याबद्दल मंडळींनी मला क्षमा करावी. आणि त्या चुका तशाच राहू द्याव्यात.